नववीचा भात

२ जून, सोम.
शाळा उघडली. यंदा आपल्या शाळेला नववी मिळाली. आजवर आठवी झाली की पोरं पांगायची. हायस्कूल आमच्या कारखान्यांच्या पीण्या भागातल्या हमरस्त्यापलीकडं, बस बदलून जायचं. मुलगे जायचे थोडेफार. मुली घरी, नाहीतर गारमेंटला, कपडे शिवायच्या कारखान्यात. हेडमिस स्वतः स्वयंपाकघरात सांगायला आल्या, मला आणि रत्नक्काला. आम्ही दोघी इथं पोरांचा दुपारचा भात-सांबार करतो. रत्नक्कानं ऐकून आनंदाच्या भरात सांबारात मीठ दोनदा घातलं.

५ जून, गुरु.
नववीत मोजकीच पोरं. महिनाअखेर वर्ग भरला नाही तर मंजुरी जाईल म्हणे. मिस घरोघर फिरणार. मला बरोबर चल म्हणाल्या. पोरांना वाढते, त्यामुळं सगळ्या आया ओळखतात. हो म्हटलं.

९ जून, सोम.
फिरलो. बऱ्याच जणी बघते म्हणाल्या. शेवटी भाग्याकडं. आठवीत पहिली आलेली पोरगी. दार तिनंच उघडलं, कडेवर धाकटी बहीण चिन्नी. वडील विजापूरकडं, आई गारमेंटला. आई कामावरून आली, तेव्हा मिसनी पुष्कळ समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शाळा नको कोण म्हणतंय? हिला कोण सांभाळणार, तेवढं सांगा."
परत येताना तोच प्रश्न डोक्यात.

१० जून, मंगळ.
अंगणवाडी आपल्याच आवारात आहे की. तिथल्या बाई आधी नाही म्हणाल्या, चिन्नीला तीन वर्षं पुरी नाहीत, दिवाळीत होतील. बसले त्यांच्यापाशी, उठलेच नाही. शेवटी म्हणाल्या, सकाळी ठेवा, जेवणानंतर मात्र तुम्ही न्यायची. दुपारी गॅस बंद झाला की आमची भांडीच असतात. तेव्हा चिन्नीला आपल्यापाशी ठेवू का, रत्नक्काला विचारलं. "सरी," म्हणजे बरं, म्हणाली. एवढंच.

१२ जून, गुरु.
भाग्याची आई कामावर जायच्या आधी जागा बघून गेली. अंगणवाडीत डोकावली, आमची मोरी बघितली, फाटकाची कडीही लावून बघितली.
"रडली तर?"
म्हटलं, "रडली तर बहीण पलीकडच्या वर्गातच आहे."
तेव्हा हसली. मग म्हणाली, सोमवारी पाठवते.

१६ जून, सोम.
भाग्या आली. दोन वेण्या, युनिफॉर्म गेल्या वर्षीचाच, बाह्या आखूड. बरोबर गल्लीतल्या आणखी दोघी. त्यांच्या आया म्हणाल्या म्हणे, ती जाते तर तुम्हीही जा. चिन्नी दुपारी थोडी रडली, मग रत्नक्काच्या पदराशी झोपली. रत्नक्का तासभर हलली नाही. भांडी सगळी मी घासली.

२० जून, शुक्र.
आज भात कमी पडला. नववीची पोरं म्हणजे... एका लंबूनं चारदा घेतला, पाचव्यांदा लाजत उभा. रत्नक्का आधी चिडली, मग रिकामा टोप त्याला दाखवून हसत सुटली. आम्हा दोघींना काही उरलं नाही. बाहेर जाऊन चहा-बन खाल्ला. मिसना सांगितलं, शिधा वाढवून मागा. भात संपल्याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

२६ जून, गुरु.
हे म्हणाले, शाळेतून आलीस की गुणगुणतेस हल्ली. माझ्या लक्षात नव्हतं. आमच्या निपाणीकडच्या गावात शाळा सातवीपर्यंतच. मैत्रिणी सगळ्या एकाच उन्हाळ्यात घरी बसल्या, मीही. हे यांना कधी सांगितलं नव्हतं. आज सांगितलं. जेवण झाल्यावर ताटं यांनीच उचलली.

३० जून, सोम.
एकीमागं एक येत वर्ग भरला. मंजुरी राहिली. मिसनी मैसूरपाक वाटला. वाटून होतोय तोच फाटकाशी गर्दी, कारखान्यांमागच्या वस्तीतले आईबाप, हातात पोरांचे दाखले. मिस म्हणाल्या, दुसरी तुकडी करावी लागणार, पण खोली कुठाय? आणि बघतात कुठं, तर आमच्या शिध्याच्या खोलीकडं. रत्नक्का कन्नडात काय काय पुटपुटली, ते लिहीत नाही.
"मिस, तांदूळ कुठं ठेवायचा?"
"स्वल्प थांबा, बघू," म्हणाल्या आणि साडीचा पदर खोचून पहिलं पोतं स्वतःच ओढायला लागल्या. मग आम्हीही. भाग्या आणि पोरी झाडू घेऊन आल्या, तो लंबू पोती उचलायला.
संध्याकाळपर्यंत खोली मोकळी. तांदूळ व्हरांड्यात, वर ताडपत्री. आभाळ भरून आलंय...