साबण, जाळी आणि पांढरा टॉवेल

कुमासी, २ डिसेंबर

ती. दुफीआत्यास,
अफ्राकोमाचा सा. न. वि. वि.

आतोबांच्या अंगाची खाज थांबत नाही हे ऐकून राहवलं नाही. बाजारातला काळा साबण आणून कसावाच्या किसणीवर किसला (थोडी बोटंही किसली), शियाचं लोणी आणि गवती चहा घालून मंद आचेवर मऊ केला आणि दुधाच्या डब्यांत दाबून बसवला. आमच्या ह्यांनी विचारलं, साबण करतेयस की जेवायला कसावाचा फुफू! दोन वड्या पाठवतेय. परडी रिकामी दिसत होती, म्हणून अंग घासायची नवी जाळी आणि पांढरा टॉवेलही ठेवलाय. नाताळची भेट समजा.

लोभ आहेच, तो साबणासारखा झिजू देऊ नकोस.

तुझी अफ्राकोमा

एफिदुआसे, ८ डिसेंबर

चि. अफ्राकोमा हिस आशीर्वाद. द्यावासा वाटत नाही, तरी.

अगं, डोकं गहाण ठेवलं होतंस का? परडी माझ्या नणंदेनं उघडली. साबण, जाळी, पांढरा टॉवेल! आजारी माणसाच्या घरी, तेही बायकोच्या माहेरून! मयताला अंघोळ घालायचं सामान कुणाकडून येतं, हे तुला मी सांगायचं? सगळ्या अंगणासमोर त्या म्हणाल्या, वहिनी, तुमच्या माहेरच्यांना भलतीच घाई दिसतेय. माझी मान खाली गेली ती अजून वर होत नाही. नळावर गेले की बायका बोलायच्या थांबतात. परडी खुराड्यावर टाकून दिलीय. नाताळला येऊ नकोस.

तुझी आत्या

कुमासी, १२ डिसेंबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि चुलीपुढेच बसकण मारली. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालंय. आजोबा गेले तेव्हा आजीच्या माहेरून आलेलं हेच सामान मी डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी साबणाच्या नादात मला टॉवेल म्हणजे नुसता टॉवेल वाटला. आई माझ्याशी बोलत नाही. उरलेल्या वड्या शेजारी वाटायच्या होत्या. आता कुणाच्या दारी साबण न्यायची छाती होत नाही. तुझ्या नणंदेचे पाय धरायला येऊ का? आतोबांच्या कानावर गेलंय का, तेवढं कळव. तेच आत पोखरतंय.

लोभ असावा म्हणायला तोंड उरलं नाही.

अफ्राकोमा

एफिदुआसे, १९ डिसेंबर

चि. अफ्राकोमा हिस अनेक आशीर्वाद.

सांगतोय मी, लिहितेय तुझी आत्या, तोंड फुगवून.

मला सगळं त्याच दिवशी ऐकू आलं होतं. अंग आजारी आहे, कान नाहीत. तुझं पत्र आलं तेव्हा परडी खुराड्यावरून मागवली, बहिणीला समोर बसवलं आणि भर अंगणात अंघोळ केली, तुझ्याच जाळीनं. मयताला दुसरे न्हाऊ घालतात. मी पाठसुद्धा कुणाला घासू दिली नाही. दुसरी बादली बहिणीनंच आणून ठेवली. दुसरी वडीही तिनंच पळवली, तिच्या गुडघ्यांसाठी म्हणे.

खाज कमी आहे. बाकी अंगात काही राम उरलेला नाही, ते मला ठाऊक आहे. तुझी आत्या रोज वडी हातात घेऊन बघते, किती उरलीय. तुला येऊ नकोस लिहिलं याची तिला लाज वाटतेय. हे वाक्य लिहायला ती तयार नव्हती, मी लिहायला लावलं.

नाताळला ये. टॉवेल आणायचाच तर फुलाफुलांचा आण. वडी पातळ झालीय. मयताला साबण एकदाच लागतो गं, मला रोज लागतोय. घेऊन ये.

तुझे आतोबा