सुजाताचं चिलखत

गुरुवार, संध्याकाळ

गॅदरिंगच्या नाटकाला सुजातानं आणि मी पुठ्ठ्याची चिलखतं केलीत. तिनं आतून खळ लावून कागदाचे थर दिले, एकेक वाळू दिला. मी ओल्यावरच पुट्टी फासली, खांद्याला भेगाच भेगा, रंग अजून लावायचाच हाय. सर म्हणाले, "सुजाता हुपरीची की, चांदी घडवणाऱ्या गावची. चांदीचा हात हाय तिचा." मग माझा कसला हाय?

सगळे चहाला गेल्यावर तिच्या चिलखतावर अंगठा दाबून बघितला. दबावं असंच वाटत होतं, इथं खोटं कशाला लिहू. दबलं न्हाय. रंग मात्र ओला होता. तिथं ठसा उठला, माझा अंगठा चंदेरी.

घरी आईनं अंगठा बघितला. "झालं व्हय गं तुझं चिलखत रंगवून?"

"झालं की," म्हटलं.