चार पिवळ्या बस

आण्णा,

आळेफाट्याच्या आपल्या शेडचे पत्रे परवा उतरवले. मी राजुरीला आईकडे निघाले होते, फाट्यावर एसटीतून उतरले तर समोर शेडचा नुसता सांगाडा उभा. घेणाऱ्याला तिथं हॉटेल काढायचं आहे. दोन माणसं वर चढून पत्रे सोडवत होती आणि खाली उभा असलेला तिसरा सारखा ओरडत होता, इकडून धर, तिकडून धर. वरची माणसं हो हो म्हणत होती आणि आपल्याच पद्धतीनं सोडवत होती. मी रस्त्यापलीकडे रसवंतीच्या बाकावर बसून बघत राहिले. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. इतक्या वर्षांत तुमच्याशी मनातल्या मनात पुष्कळ भांडले, पण कागद कधी समोर घेतला नव्हता.

मी बारावी झाले, जुन्नरच्या कॉलेजात पुढे जायचं की नाही हे ठरत नव्हतं, आणि तुम्ही एक दिवस जेवताना आईला म्हणालात, "पोरीचं अक्षर चांगलं हाय. शेडवर ऑर्डरी लिहून घील." नातेवाईक म्हणाले, ट्रक ड्रायव्हरांच्या गर्दीत मुलीला कशाला नेता. तुम्ही ऐकलं नाहीत. तुमचं ते न ऐकणं मला त्या वेळी फार आवडलं होतं. पहिल्या दिवशी तुम्ही मला नवा कोरा पोलादी टेप दिलात आणि म्हणालात, "आधी सोता मोजायचं, मग लिहायचं. कुनाच्या सांगन्यावर लिहायचं न्हाई." पुण्याकडून ट्रकची उघडी चासी यायची, नुसती चाकं आणि इंजिन, केबिनसुद्धा नाही. ड्रायव्हर लाकडी खोक्यावर बसून, तोंडाला फडकं गुंडाळून, धुळीनं पांढरा होऊन आलेला असायचा. आई त्याच्यासाठी डब्यात एक भाकरी जास्त घालून द्यायची. आणि महिन्याभरात त्याच सांगाड्याचा ट्रक व्हायचा, फळ्या, पट्ट्या, मागचा फाळका, केबिनवर रंगवलेली कमळं. तुम्ही फळीवरून नुसता हात फिरवून सांगायचात की ही वाकणार. ती वाकायचीच.

तुमच्या बरोबरीनं एकच माणूस असा हात फिरवू शकत होता, ते मिस्त्रीकाका. तुम्ही दोघांनी फाट्यावर एका बाभळीखाली पहिली बॉडी बांधली, तेव्हा मी पाळण्यात होते. शेडमध्ये अठरा माणसं झाली तरी तुमचं दोघांचं काम बिनबोलाचं चालायचं. तुम्ही हात पुढे केलात की त्यांनी पटाशी दिलेली असायची. दुपारी तुमचे डबे एकत्र उघडायचे. त्यांच्या घरची हिरवी मिरची तुम्हाला लागायची आणि आपल्या घरचं कालवण त्यांना.

मग तुमचं नाव झालं. नाशिककडून, नगरकडून माणसं विचारत येऊ लागली. तुम्ही शेडच्या कडेला काचेची केबिन बांधलीत, आत कूलर बसवलात, आणि तिथं चहा प्यायला येणाऱ्यांची संख्या वाढत गेली. कोण म्हणायचं, आण्णा, तुमी आता पुढारी व्हा. कोण म्हणायचं, तुमच्यासारखा कारागीर जिल्ह्यात न्हाई. पुढे पुढे तुमचा डबाही केबिनमध्येच उघडायला लागला. मिस्त्रीकाका बाहेर फळ्यांच्या ढिगावर बसून जेवायचे. मला हे दिसत होतं, पण मला वाटायचं, मोठ्या धंद्यात असंच असतं. तुम्हाला कोणाला नाही म्हणणं जमायचं नाही, आणि कोणाकडून नाही ऐकणंही जमेनासं झालं होतं.

त्याच हंगामात आंबेगाव तालुक्यातल्या एका शाळेचं काम आलं. चार बस बांधायच्या होत्या, जून उजाडायच्या आत. आपण तोवर एकही बस बांधली नव्हती. तुम्ही केबिनमध्येच हात पुढे करून शब्द देऊन टाकलात. चहाच्या सुट्टीत सगळ्यांना गोळा करून तुम्ही ही बातमी सांगितली, माणसं टाळ्या वाजवायला लागली, आणि मिस्त्रीकाका उभे राहिले. मला त्यांचा तो उभं राहण्याचा प्रकार आजही दिसतो, टोपी काढून हातात घेतलेली, जणू शाळेत उत्तर द्यायला उठलेत.

"आण्णा, लाकडाचं काम येगळं, पत्र्याचं येगळं," ते म्हणाले. "छताचा जोड पान्यात बघावा लागतो. आपन एकच बस बांधू. तिच्यावर पाइप लावून दोन दिस पानी सोडू. ती टिकली तर बाकीच्या तीन. शाळेला दिवाळीपतुर मुदत मागा."

"मी जूनचा शबुद दिलाय."

"शबुद दिला खरा, पर पोरं बसनार हायती त्यात."

तुमचा चेहरा बदलला. केबिनमध्ये पाहुणे बसले होते, ते दारात येऊन उभे होते. तुम्ही म्हणालात, "हितं शेठ कोन हाय?"

"तुमीच की आण्णा," मिस्त्रीकाका म्हणाले. "म्हनून तर तुमालाच सांगतोय."

कोणीतरी हसलं. त्या हसण्यानं सगळं बिघडलं असं मला वाटतं. तुम्ही म्हणालात, "तुला जमत न्हाई असं म्हन. उद्यापासून रंगाऱ्याच्या हाताखाली हुभा ऱ्हा. जुना रंग खरवड."

मला वाटलं, ते त्याच क्षणी निघून जातील. ते गेले नाहीत. आण्णा, पंधरा वर्षांहून जास्त तुमच्याबरोबर राहिलेला तो माणूस आठ दिवस उकिडवा बसून, लोखंडी पत्री हातात धरून जुन्या ट्रकचा रंग खरवडत होता. रंगारी त्यांच्या मुलाच्या वयाचा, तो लाजून दुसरीकडेच बघायचा. मी दोनदा त्यांच्यासाठी पाणी नेलं. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "आण्णांचा राग लई दिस टिकत न्हाई. हाक मारतील." तुम्ही केबिनच्या काचेतून त्यांना बघत होतात, मला माहीत आहे, कारण मी तुम्हाला बघत होते. हाक मारायला फक्त दार उघडायचं होतं. नवव्या दिवशी ते आले नाहीत. तुम्ही विचारलंही नाहीत.

त्यानंतर शेडमध्ये भांडण म्हणून झालं नाही. सगळे हो आण्णा म्हणत. तुम्ही एका नात्यातल्या माणसाला फोरमन केलंत, त्याचं एकच वाक्य, "एकदम फर्स्ट क्लास, आण्णा." तुम्ही सकाळी एक सांगायचात, दुपारी दुसरं, आणि कोणीही म्हणायचं नाही की सकाळी तर असं बोलला होतात. बसच्या छताचे पत्रे चढले. एक दिवस मी शिडी लावून वर गेले आणि बोटानं जोड चाचपला. वेल्डिंग मध्येच तुटलेलं होतं आणि वरून पुट्टी भरून सारखं केलं होतं. खाली उतरून मी वेल्डरला विचारलं. तो इकडेतिकडे बघून म्हणाला, "ताई, आमाला बी दिसतंय. पर जोड नीट करायचा तर आनखी म्हैना लागंल. त्ये कोन सांगनार? मिस्त्रीचं काय झालं, बघितलं न्हवं?"

म्हणजे मला कळलं होतं, आण्णा. बस जायच्या दोन दिवस आधी कळलं होतं.

शेवटच्या संध्याकाळी चारही बस शेडबाहेर ओळीनं उभ्या केल्या होत्या. नवा पिवळा रंग, खिडक्यांना काळ्या पट्ट्या. माणसं घरी गेली होती. तुम्ही कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत होतात. मग माझ्याकडे न बघता विचारलंत, "तुला काय वाटतं गं?" तुमचा आवाज नेहमीचा नव्हता. आता मला वाटतं की तुम्हाला शंका आली होती. फळीवरून हात फिरवून तिचं वाकणं ओळखणाऱ्या माणसाला कशी येणार नाही? तुम्ही कोणीतरी बोलावं म्हणून थांबला होतात. मी म्हणाले, "छान झाल्यात, आण्णा." तुम्ही मान हलवलीत आणि आपण घरी आलो.

जुलैत त्या शाळेच्या मुख्याध्यापिका त्यातल्याच एका बसमध्ये बसून आल्या. भांडायला आल्या नव्हत्या. पदर सावरत खुर्चीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "अहो, मुलं बसमध्ये छत्र्या उघडून बसतात. दप्तरं मांडीखाली घेतात. काय करायचं, तुम्हीच सांगा." ही गोष्ट दोन दिवसांत फाटाभर झाली. गॅरेजवाले, चहावाले, सगळे हसून सांगायचे, आत छत्री उघडायची बस. तुम्ही वेल्डरला सगळ्यांदेखत काढून टाकलंत. पुढच्या आठवड्यात आणखी दोघांना. तुम्ही ओरडत होतात, "मला कुनी सांगितलं का न्हाई?" आणि सगळी माणसं खाली बघत होती, मीसुद्धा. बस दुरुस्त झाल्या, पण दुसऱ्याकडून. मिस्त्रीकाकांनी नाशिक रस्त्याला चार पत्र्यांची शेड टाकली होती. आपली माणसं एकेक करून तिकडे गेली. कोणी सांगून गेलं नाही. सकाळी एखादी जागा रिकामी दिसायची, एवढंच.

पुढची चार वर्षं तुम्ही शटर उघडून बसत होतात. उघडी चासी रस्त्यावरून यायची, ड्रायव्हर आपल्याकडे बघायचा आणि तसाच पुढे जायचा. आई म्हणायची, जाऊन मिस्त्रींना एकदा भेटून या. तुम्ही म्हणायचात, "त्यो आला तर बघू." शेवटी ते आलेच, तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा. तुम्हाला त्यांचा आवाज ओळखू आला आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपल्यासारखं केलंत. ते अर्धा तास उशाशी बसले. आईनं दिलेला चहा प्याले. जाताना तुमची घसरलेली चादर वर ओढून गेले. ते गेल्यावर तुम्ही डोळे उघडलेत.

"गेला का?"

"गेले."

"काय म्हनला?"

"काही नाही. नुसते बसले होते."

तुम्ही वर ओढलेली चादर चाचपत म्हणालात, "बसू द्यायचा की आनखी थोडा येळ."

लोक म्हणाले, काळ बदलला, कंपन्या तयार बॉडीचे ट्रक द्यायला लागल्या, छोट्या शेड टिकणार नव्हत्याच. मीही पाहुण्यांना असंच सांगत आले. पण मिस्त्रीकाकांची शेड त्यांच्या मुलांनी आजपर्यंत चालवली आहे. आपल्याला काळानं बुडवलं नाही. ज्या शेडमध्ये प्रत्येकाला दिसत होतं, त्याच शेडमध्ये बोलायची सोय उरली नव्हती.

मी आता मंचरला शाळेचे गणवेश शिवून घेते, अकरा बायका आहेत. गेल्या महिन्यात कटिंग करणारी म्हणाली, "ताई, ह्या निळ्या कापडाचा रंग जाईल वाटतंय." सगळ्या ऐकत होत्या. माझे कान तापले आणि मी म्हणाले, "तुला काय कळतं कापडातलं?" ती गप्प झाली, आणि मशिनींचा आवाज तेवढा राहिला. मी ती शांतता ओळखते, आण्णा. घरी नेऊन कापड धुतलं तर बादली निळी. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तिला "तुझं बरोबर होतं" एवढं म्हणायला मला अकरा वाजले. सकाळपासून तीनदा तोंड उघडून मिटलं होतं. तेव्हा समजलं की तुमच्यासाठी ते केबिनचं दार किती जड झालं असेल. त्यानं तुमची चूक कमी होत नाही. मला फक्त तुमच्यावर पूर्वीसारखं रागावता येत नाही.

हे पत्र मी कुठे पाठवणार? आईला वाचून दाखवायचं ठरवलं होतं, तेही नको वाटतं, कारण एक गोष्ट तिलाही माहीत नाही. मिस्त्रीकाका यायचे बंद झाले त्या सकाळी मला वाईट वाटलं, आणि त्याच्या खाली थोडं बरंही वाटलं होतं. वाटलं, आता आण्णा मलाच विचारतील.

आणि तुम्ही विचारलंत.