रविवारचा फोन

मुरबाड,
दि. २ मे

चि. इंद्रजीत यास अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं पत्र पंढरीने शहापूर-मुरबाड गाडीतून उतरून स्वतः आणून दिलं. त्या ड्रायव्हरला माझ्या बहिरेपणाचा कंटाळा येत नाही, तुम्हा घरच्यांना येतो. फोनवर मला नुसती भुंग्याची गुणगुण ऐकू येते, त्यामुळे माझ्याशी बोलायचं तर लिहावंच लागेल. तीस वर्षं शाळेत ओरडून कान गेले, हात अजून शाबूत आहे.

आपली मेघा आशियाई स्पर्धेत देशाकडून रिले धावणार, हे मी कालच्या बुद्धपौर्णिमेला विहारात खीर वाटता वाटता सगळ्यांना सांगितलं. चौघींनी एकेक फेरी धावायची आणि हातातली काठी पुढचीला द्यायची, एवढं समजावताना खीर थंड झाली. लहानपणी शेणव्याच्या बांधावरून हिला धरून आणताना तुझी दमछाक व्हायची, ते आठवून हसूही आलं.

पण आजचा पेपर वाचल्यापासून जिवाला घोर लागला आहे. कुणा थाळीफेक करणाऱ्याने गावठी चूर्ण खाल्लं, लघवीच्या तपासणीत नको ते निघालं आणि त्याच्यावर चार वर्षांची बंदी आली. मी गेल्या महिन्यात सिद्धगडच्या पायथ्याच्या कमळूकडून मेघाच्या गुडघेदुखीसाठी मुळी आणून तुझ्या गीताबाईकडे दिली होती. ती मेघाला पाठवू नका. पुडी कपाटात असेल तर तिथेच राहू द्या.

घरच्यांना जयभीम. पत्राचं उत्तर लगेच यावं, माया आहे तशीच आहे.

तुझी अक्का,
रत्नप्रभा


शेणवा,
दि. ४ मे

आदरणीय अक्कास इंद्रजीतचा सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं पत्र काल सकाळी मिळालं, पण उशीर झाला आहे. मुळी कपाटात नाही. औषध म्हटलं की पोर खात नाय, लहानपणापासून तिची तीच खोड, असं म्हणून गीताने मुळी कुटून नाचणीच्या लाडवांत घातली. कडूपणा कळू नये म्हणून गूळ जास्त घातला आणि अकरा लाडू कुरिअरने शिबिरात धाडले. मला यातलं काही माहीत नव्हतं. तुझं पत्र वाचून दाखवायच्या आधी सहज विचारलं, तेव्हा तिने हौसेने सांगितलं. मग पत्र वाचून दाखवायचा धीर झाला नाही.

शिबिरात मुलींचे फोन काढून घेतात, रविवारी संध्याकाळी दहा मिनिटं देतात. काल मेघाचा फोन आला. लाडू फार चांगले झाले होते, रोज एक खाल्ला, आता तीन उरलेत आणि गुडघाही बरा आहे, असं म्हणाली. गीता पदराने डोळे पुसत होती. मी फोन हातात घेतला, विहिरीला पाणी किती आहे ते सांगितलं, शेळी व्याली ते सांगितलं आणि मूग गिळून बसलो.

अक्का, तू रागावशील. पण इथे नाक्यावर तिचा बॅनर लागला आहे. कचेरीत ज्या साहेबांनी मला कधी बस म्हटलं नाही, त्यांनी परवा खुर्ची दिली. सोळा तारखेला संघ निघणार. आता सांगितलं तर तिला काढतील. तिचं सहा वर्षांचं पळणं माझ्या एका वाक्याने मातीत जाईल. आणि कदाचित त्या मुळीत काही नसेलही. काय करू ते लिही.

आशीर्वादाचा हात असू दे, या वेळी गरज आहे.

तुझा,
इंद्रजीत


मुरबाड,
दि. ६ मे

चि. इंद्रजीत यास आशीर्वाद व जयभीम.

पत्र मिळाल्यावर जीपने सिद्धगडाखाली जाऊन आले. मुळीबरोबर काय काय घालतोस, म्हणून कमळूला पाटीवर लिहायला लावलं तर तो हसला. मग कानाशी येऊन म्हणाला की पाच झाडांची साल हाय, आज्याने दाखवलेली, नावं आमच्यातली हायत, तुमच्या पुस्तकात नाय मिळायची. त्याने आजवर शंभर गुडघे बरे केले असतील, मला त्याच्यावर संशय नाही. पण त्यात काय आहे ते त्याला सांगता येत नाही, मला नाही आणि तुलाही नाही.

इथल्या हायस्कूलच्या खेळाच्या सरांना मी नाव न घेता विचारलं. रिलेत एकीच्या तपासणीत काही निघालं तर चौघींचं पदक जातं, असं त्यांनी सांगितलं. बाकीच्या तिघींनाही आईबाप आहेत, इंद्रजीत. त्यांच्याही गावात बॅनर लागले असतील.

मुळी मी आणली, लाडू गीताबाईने वळले, गप्प तू बसलास. आपलेच दात आणि आपलेच ओठ, भांडायचं कुणाशी? पण भोगायचं मात्र जिला काहीच माहीत नाही तिने, हे मला पटत नाही. तिला समजून उमजून काय करायचं ते करू दे. रविवारी सांग. तुला जमत नसेल तर मी शेणव्याला येऊन फोनवर सांगते, आणि माझा आवाज किती मोठा आहे ते तुला ठाऊक आहे. नाक्यापर्यंत जाईल.

रागाने लिहिलं असलं तरी जीव तुटतो म्हणून लिहिलं, हे ओळखून घे.

अक्का


शिबिर, पंजाब
दि. २४ मे

ति. आत्यास मेघाचा सप्रेम जयभीम, वि. वि.

तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल. आपल्या मुली चौथ्या आल्या. तिसरीत आणि आपल्यात छातीएवढं अंतर होतं. माझ्या जागी भावना धावली. ती जीव तोडून धावली, पण तिला तिसऱ्या फेरीची सवय नव्हती. मी इथल्या मेसमध्ये उभी राहून पाहिलं.

दहा तारखेला बाबांनी सांगितलं तेव्हा आवाज इतका बारीक होता की मला वाटलं घरात कुणी गेलं. फोन ठेवून मी शेवटचा म्हणून जपून ठेवलेला लाडू घेऊन सरळ डॉक्टर मॅडमकडे गेले. खरं सांगते आत्या, वाटेत दोनदा थांबले. तो लाडू तोंडात टाकला असता तर कुणाला काही कळलं नसतं. मॅडमनी तो प्रयोगशाळेत पाठवला आणि अहवाल येईपर्यंत माझं नाव बाजूला ठेवलं. आमचे प्रशिक्षक सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

काल अहवाल आला. लाडवात आक्षेपार्ह काही नव्हतं. माझी तपासणीही स्वच्छ आहे.

मी धावले असते तर तिसरा नंबर आला असता का, हा विचार डोक्यातून जात नाही. बाबांचा दोन दिवस राग आला, तुमचाही आला, तो आता गेला असं लिहिणार नाही. थोडा आहे. पण पुढच्या शिबिरात सरांनी माझं नाव ठेवलं आहे, म्हणाले की जी स्वतःहून सांगते तिच्याकडे काठी द्यायला मला भीती नाही वाटत. तेवढ्यावर उभी आहे.

एकच मागणं आहे. आईला यातलं काही सांगू नका. गुडघ्यामुळे धावले नाही असंच तिला सांगितलं आहे, तेच राहू द्या. हे बाबांनाही कळवा.

तुमचं प्रेम सवयीचं झालं आहे, ते सुटू देऊ नका.

तुमची,
मेघा


शेणवा,
दि. ३ जून

आदरणीय अक्कास सप्रेम जयभीम, वि. वि.

तू पाठवलेलं मेघाचं पत्र वाचलं, पुन्हा वाचलं. पोरीने सांगू नका म्हटलं आहे आणि मलाही तेच सोपं होतं. शर्यतीच्या दिवशी विहारात साऱ्या गावाने टीव्ही पाहिला. मेघा कुठाय, असं जो तो विचारत होता आणि मी गुडघा गुडघा करत होतो. गीता मात्र शांत होती. तिने मनाशी काय ठरवलं ते मला आज सकाळी कळलं.

ती परवा शेजारच्या गोदूला सोबत घेऊन, मला न सांगता, दोन गाड्या बदलून कमळूकडे जाऊन आली. मागच्या वेळी मुळी कमी पडली, म्हणून पोरीचा गुडघा राहिला, असं तिचं म्हणणं. या वेळी दुप्पट आणली आहे. मी हे पडवीत बसून लिहितोय आणि आत उखळाचा आवाज चालू आहे. उद्या कुरिअर करायला मलाच शहापूरला धाडणार आहे.

आता उठतो आणि आत जाऊन सगळं सांगतो. एकदा गप्प बसून पाहिलं, अक्का, पुरे झालं.

हातून झालेलं पोटात घालावं, एवढंच मागणं.

तुझा,
इंद्रजीत

ता. क. सांगितलं. रडेल असं वाटलं होतं, रडली नाही. पोर आपल्यामुळं राह्यली हे तिला ठाव हाय का, एवढंच तिने विचारलं. मी हो म्हणालो. मग मुसळ भिंतीला टेकवून ठेवलं. रविवारी फोन आला की आधी तिच्या हातात द्यायचा, दहाच्या दहा मिनिटं तिची आणि मी मधे बोलायचं नाय, असं तिने मला बजावलं आहे.