पेन्सिलीनं परत लिहिलेले बाबा

प्रिय विनू,

आधी सवयीनं ‘चि. विनू’ असंच लिहिलं होतं. लिहून झाल्यावर माझंच लक्ष गेलं आणि हात थांबला. तीस वर्षं तुला पत्रं लिहिली, प्रत्येक पत्र चि. नं सुरू केलं. आता ते कसं लिहू रे? शेवटी कागद बदलला.

परवा तुझा तेरावा करून मी मुंबईहून इंदूरला परतले. तू गेलास हे अजून डोक्यात शिरत नाहीये. सोमवारी फोनवर आंब्याच्या लोणच्यात मीठ किती घालायचं म्हणून विचारतोस आणि बुधवारी लिहायच्या टेबलावर डोकं टेकून गप्प होतोस? अशी काही रीत असते का? पण आज मी लिहायला बसले ते त्यासाठी नाही. निघताना तुझ्या बायकोनं, सुजातानं, तुझ्या खणातलं एक पुस्तक माझ्या पिशवीत ठेवलं. म्हणाली, “ताई, हे तुम्हीच न्या. ह्याला ते कुणाला हात लावू देत नव्हते.”

तुझी कादंबरी होती. पहिली आणि शेवटची. घरी येऊन उघडली आणि मी खाली फरशीवरच बसले.

विनू, तुला माहीत होतं?

मी आजवर समजत होते, की तुझ्या लक्षातच आलं नाही. आपली मिल बंद झाली त्याच वर्षी तू ती लिहिलीस. बाबा मिलमध्ये टाइमकीपर. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हजेऱ्या लावल्या आणि एका दुपारी फाटकावर नोटीस वाचून घरी आले. तू त्यांच्यावरच लिहीत होतास. तुझं अक्षर म्हणजे देवाचीच परीक्षा, आणि पुण्याच्या प्रकाशकांना फेअर कॉपी हवी होती. ती मी केली. शाळेत मराठी शिकवणारी मोठी बहीण घरात असताना दुसरं कोण करणार? मी लिहिलं, तू न वाचता पाकीट चिकटवलंस. “ताईनं लिहिलंय, बघायची गरजच नाही,” असं म्हणालास. प्रुफंही मीच तपासली.

आणि उतरवताना मी बाबांचं बोलणं शुद्ध केलं.

वाईट हेतूनं नाही रे! मला लाज वाटत होती. आपण इंदूरची मराठी माणसं. पुण्याचे पाहुणे आले, की आई दारातच हळूच दटावायची, “नीट बोला हं, हिंदी घुसडू नका.” मावशीच्या यजमानांनी एकदा बाबांची नक्कल करून सगळ्या पंगतीला हसवलं होतं. बाबाही हसले होते. मी नव्हते हसले. ते पुस्तक पुण्यात वाचलं जाणार होतं. बाबांना पुन्हा कुणी हसू नये, एवढंच माझ्या मनात होतं.

त्या दुपारी नोटीस वाचून आल्यावर बाबांनी खाली बसून बूट काढले आणि म्हणाले, “मालू, चाय बनव जरा. मिल तो गई आपली.” तू तसंच्या तसं लिहिलं होतंस. मी काय केलं? “मालती, चहा ठेव. गिरणीचे दिवे आता कायमचे मालवले.” आणि मला ते आवडलंही होतं! बाबांनी उभ्या जन्मात ‘गिरणी’ म्हटलं नव्हतं. तू घाबरलास की ते म्हणायचे, “अरे भिया, फालतू में टेंशन घेऊ नको.” त्यातला इंदुरी भाऊ, तो ‘भिया’, गाळून मी त्याचं “उगीच चिंता करू नकोस” केलं. सगळं पुस्तक असंच.

छापील प्रत आली तो दिवस आठवतो? बाबा पलंगावर होते. नुकतंच केबल लागलं होतं आणि दिवसभर ते समोर बसून असायचे. त्या दिवशी टीव्ही बंद करून म्हणाले, “पढ़ के सुना रे.” तू दोन पानं वाचलीस. तुझा आवाज हळूहळू खाली येत गेला. बाबा लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, “भारी लिहिलंस, विन्या. पण हे बोलतंय कोण?”

तू पुस्तक मिटलंस आणि पाणी प्यायला आत गेलास. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. का बघितलं नाहीस ते आज कळतंय!

पुढे पुण्याच्या मासिकात परीक्षण आलं, ह्यातली माणसं घरातल्यासारखी नाही, वर्गातल्यासारखी बोलतात म्हणून. मी त्या परीक्षणकर्त्याला किती शिव्या घातल्या! तू कात्रण घडी करून खिशात ठेवलंस. त्याच वर्षी नवी नवी चॅनलं निघाली होती, त्यांना मालिका लिहिणारे हवे होते. तू मुंबईला गेलास. मालिका, मग सिनेमे, आणि कादंबरी पुन्हा नाहीच.

आणि मी? मी तुला टोचत राहिले. दर दिवाळीला. “पडद्याला भुललास, मराठीला पाठ दाखवलीस.” तू प्रत्येक सिनेमाचं आमंत्रण पाठवायचास आणि मी म्हणायचे, मी हिंदी सिनेमे बघत नाही. तू हसून विषय बदलायचास. एकदा तरी भांडायचंस रे! “ताई, तू माझं पुस्तक मारलंस,” एवढं म्हणायला काय झालं होतं? मी रडले असते, रुसले असते, दोन महिने बोलले नसते. पण तू दुसरं पुस्तक लिहिलं असतंस.

तेराव्याला सुजाता सांगत होती, की तुझ्या प्रत्येक सिनेमात एक म्हातारा असायचा, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलणारा. दिग्दर्शक वैतागून विचारायचे, “ये कौन सी भाषा है?” तू म्हणायचास, “मेरे पिताजी की.” मी तेव्हा नुसती मान डोलावली. मला वाटलं, असेल काहीतरी सिनेमातलं.

आणि आता हे पुस्तक. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बाबांचं प्रत्येक वाक्य तू पेन्सिलीनं खोडलं आहेस आणि वर त्यांचं खरं बोलणं लिहिलं आहेस. ‘चहा ठेव’वर काट आणि वर ‘चाय बनव जरा’. तुझं ते भयंकर अक्षर! वाचताना बाबा खोलीत बोलायला लागले, विनू. इतक्या वर्षांनी. त्यांचा आवाज माझ्या कानातूनही गेला होता, हे मला तोवर कळलंच नव्हतं.

एक माणूस मात्र तू तसाच सोडला आहेस. कादंबरीतली मुलगी. ती पहिल्यापासून पुस्तकातल्यासारखंच बोलते. तिच्या एकाही वाक्याला काट नाही. तिच्या पहिल्या वाक्याशेजारी समासात लिहिलं आहेस, ‘ताईचं बरोबर. ताई अशीच बोलते.’

हे वाचून मी अशी रडले, की शेजारच्या जोशीकाकू धावत आल्या. त्यांना काय सांगणार? भावाची आठवण आली म्हटलं.

आता ऐक. सकाळीच नवी वही आणली आहे. मी पुन्हा फेअर कॉपी करणार आहे. अक्षर थरथरतं आता, वेळ लागेल, पण ह्या वेळी एकही शब्द सुधारणार नाही. बाबा बोलतील ते आणि तसं उतरवीन. मग ती छापून घेईन, पुण्यालाच! हसायचं त्यांनी हसावं. आणि तुझे सिनेमे ओळीनं सगळे बघणार आहे.

दोन पानं झाली आहेत. मोठ्यानं वाचून बघितली. बोलतंय कोण, ते लगेच ओळखू येतंय.

तेव्हा भिया, फालतू में टेंशन घेऊ नको.

तुझी,
मालूताई