.१९ क्विंबी

३ मार्च, सकाळी ६.१०
वांडा काल बहिणीकडे गेली, स्पोकेनला. आठवड्यासाठी. दोन मोठ्या बॅगा आणि शिवणयंत्र नेलं. बायकांचं सामान जास्तच असतं.
ठराव: ती यायच्या आत माझं काडतूस तयार. कुठल्याच कंपनीनं काढलेलं नाही असं, इटुकल्या गोळीचं. नाव: '.१९ वांडा'. चाळीस वर्षं माझ्या गॅरेजच्या नावानं बोटं मोडतेय. बघेल तेव्हा पाघळेल. कुणाला सांगायचं नाही.

५ मार्च
एमेटला सांगितलं. म्हणाला, अरे बाबा, आधी तिला एक फोन लाव. शेजारी म्हणून भला माणूस, पण बंदुकीतलं त्याला ओ की ठो कळत नाही.

११ मार्च
काडतुसांच्या जुन्या पितळी पुंगळ्या नव्या मापाला फुगवायच्या तर आत बंदुकीच्या दारूवर गव्हाचा रवा भरून उडवतात. इथे सगळे तसंच करतात. वांडाचा न्याहारीचा रवा घेतला. ती नाही म्हणाली नसती. दहातल्या सात पुंगळ्या फाटल्या. पितळच हलकं. गॅरेजभर रवा. उद्या झाडणार.

१२ मार्च
झाडलं नाही.

१९ मार्च, दुपारी
आठवड्याचे अडीच झाले. वांडाचा फोन. बीपीची गोळी घेतोस का, विचारलं. घेतो म्हणालो (उद्यापासून). मग पुंगळ्या मानेपाशीच का फाटतात ते वीस मिनिटं समजावलं. तिनं मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाली, आर्डेन, तुला मला काही विचारायचंय का? विचारलं, रव्याचा दुसरा डबा कुठेय? बराच वेळ आवाज नाही. लाइन खराब. मग म्हणाली, वरच्या फळीवर, ओट्सच्या डब्यामागे.
सापडला. बाईची स्मरणशक्ती अफाट.

२ एप्रिल
रायफलच्या नळीवर नाव कोरून आणलं. '.१९ क्विंबी'. कोरणाऱ्यानं नाव काय विचारलं, तोंडातून आडनावच गेलं. रीतच आहे, काडतुसाला करणाऱ्याचं आडनाव. एमेट म्हणाला, अरे, वांडाचं घालणार होतास ना? म्हटलं, चाळीस वर्षं तीसुद्धा क्विंबीच आहे, एका नावात दोघं आली! एमेट टोपी घालून निघून गेला. कॉफी अर्धी तशीच.

१४ एप्रिल
चाचणी. शंभर यार्ड, पाच गोळ्या. कागदावर दोन भोकं. वारा होता. (एमेट म्हणतो नव्हता.) कागद वांडासाठी जपून ठेवलाय. शेतं पोखरणाऱ्या गोफरांच्या शिकारीचा हंगाम सुरू झालाय. दरवर्षी टेकडीवर ती थर्मास घेऊन शेजारी बसते, किती टिपले ते मोजते. यंदाही येईलच.

२० एप्रिल
वांडा आली! एमेटच्या पिकअपमधून, त्याच्यासोबत. तिच्या आईचं कपाट न्यायला. बहिणीकडे जागा बरीच असावी.
टेबलावर रायफल मांडून ठेवली होती. तिनं चष्मा लावून नळी वाचली. अक्षरांवरून बोट फिरवलं. म्हणाली, छान कोरलंय. मग म्हणाली, माझं नाव घालणार होतास म्हणे. म्हटलं, अगं, हे तुझंच आहे की! ती हसली. डोळे पुसले. रव्याची धूळ असेल, अजून झाडायची राहिलीय.
कपाट उचलायला मीच हात लावला. जाताना म्हणाली, गोळी घेत जा.

९ मे, संध्याकाळी ७.००
आज वीसच्या वीस पुंगळ्या धड निघाल्या. एकही फाटली नाही. काडतूस जमलं.
आत आलो तर टपाल. जाड पाकीट. प्रेषक: वांडा हॉल्व्हर्सन. ही कोण, असं क्षणभर वाटलं. तिच्या वडिलांचं आडनाव ते. आत वकिलाचे कागद, सह्यांच्या जागी फुल्या. सोबत तिची चिठ्ठी: रवा सतत ढवळत राहा, नाहीतर गुठळ्या होतात.
डब्यात मूठभर उरला होता. शिजवला. ढवळायचं विसरलो, कागद वाचत बसलो. तसाच खाल्ला. खूप रडलो.
त्या दिवशी फोनवर विचारायला हवं होतं. घरी कधी येतेस, एवढंच.