ताईले दिलेली वेल

१२ ऑगस्ट, मंगळवार
सकाळीच प्रशांतचा, माझ्या भाच्याचा, सावनेरहून फोन. "मामा, आईचे डोळे पिवळेधम्म झाले. इथला डॉक्टर नागपूरले न्या म्हणते." दुपारी भरती केलं. कावीळ. आठ दिवसांपासून ताईले जेवण पाहिलं की मळमळते म्हणे, पण बोलेल तर शपथ. मले पाहून उलट मलेच, "काहून गा बंडू, असा चेहरा करून उभा? मेली का मी?"

१३ ऑगस्ट
डॉक्टरीणबाई तरुण आहे पण पक्की. "आजी, काही काढा, चूर्ण, जडीबुटी घेता का?" ताई म्हणते, "नाही बाई, काही नाही." अन् माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर.
होळीपासून रोज उपाशीपोटी गुळवेलीचा काढा घेऊन राहिली. गुडघ्यांसाठी. आमच्या अंगणातल्या कडुनिंबावरची वेल. अंगठ्याएवढ्या जाड, वीत-वीतभर कांड्या तोडून दर पंधरा दिवसांनी मीच सावनेरले नेऊन देतो. माझं नाव येऊ नये म्हणून ती खोटं बोलली, अन् मी बोलू दिलं. थू माझ्यावर.

१५ ऑगस्ट
तापाले गुळवेल, शुगरले गुळवेल, हिवतापात आईनं आम्हाले हीच पाजली. संस्कृतात नावच अमृता. मग ताईलेच काहून? आखाडात तिची शुगरची नवी गोळी सुरू झाली होती. त्यानंच झालं असेल. हे लिहिलं अन् बरं वाटलं. बरं वाटलं म्हणूनच शंका येते.
सुनंदा (बायको) म्हणते, "तुम्ही बॉटनीवाले ना? मग सांगा, कशानं झालं." बॉटनीवाला! तीस वर्षं कॉलेजच्या लॅबमध्ये अटेंडंट. पानं दाबायची, वाळवायची, कागदावर चिकटवायची, खाली झोकात नाव लिहायचं. नाव आमचे बॉटनीचे सर सांगत. गल्लीत हे कोणाले सांगितलं नाही.

१७ ऑगस्ट, रवि.
भिंग घेऊन बसलो. गुळवेलीचं पान बदामी, दोन्हीकडून गुळगुळीत पाहिजे. पहिल्याच पानाच्या पाठीवर बारीक लव! लववाली वेल वेगळी, गुळवेलीच्या भावकीतली. दुसरं पान पाहिलं, गुळगुळीत. तिसरं गुळगुळीत. चौथं लववालं. एका वेलीवर असं कसं?

१८ ऑ.
शिडी लावून पाहिलं. वेल एक नाही, दोन आहेत. वर पानं वेगळी, पण खाली दोघींची खोडं अशी गुंतली की कोणती कुठली समजत नाही. कांड्या आडव्या कापल्या, दोन्हीत तीच चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी. चाखल्या, दोन्ही कडूजहर. अन् मी आजवर हाताले लागेल ती तोडली. ताईच्या पोटात कोणती गेली? दोन्ही?
सुनंदा खालून, "इतक्या वर्षांत दोन दिसल्या नाही तुम्हाले?" नाही दिसल्या. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो होतो ना मी.

२० ऑ., बुध.
डॉक्टरीणबाईले सांगून टाकलं. प्रशांत शेजारीच उभा होता. ती म्हणाली, "काका, हे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं." नवी गोळी आधीच बंद केली होती. आता काढाही बंद. "नेमकं कशामुळे झालं, ते कदाचित कधीच कळणार नाही."
प्रशांत एवढंच बोलला, "मामा, तुम्ही आता घरी जा." एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

२२ ऑ.
सरांना फोन. ऐंशीच्या पुढे आहेत, आवाज तोच. "फुलं-फळं पाहिल्याशिवाय मी नाव देणार नाही. उन्हाळ्यात ये." सर, माझी बहीण दवाखान्यात आहे, म्हटलं. मग हळू बोलले. लववाली वेलही वैदू औषधात वापरतात. अन् खरी गुळवेलसुद्धा एखाद्याच्या लिव्हरला सोसत नाही.
म्हणजे खरी निघाली तरी मी सुटत नाही, दुसरी निघाली तरी नक्की काही ठरत नाही. मग उन्हाळ्यात पाहायचं काय?

२६ ऑ.
शेजारच्या निखारेवहिनी सकाळी विळा घेऊन हजर. घरी तापाचा पेशंट. औषधी वेल तोडायची तर आदल्या सांजेले हळद-तांदूळ वाहून निमंत्रण द्यायचं अशी रीत, ते काल देऊनही गेल्या होत्या. दोघींपैकी कोणत्या वेलीले दिलं, त्यांनाही ठाऊक नाही. मी नाही म्हटलं, आधी रक्त तपासा म्हटलं. "बहिणीले पुरते, आमाले नाही पुरत काय? ठेवा मग उशाशी!"

३० ऑ.
ताईले सुट्टी झाली. रिपोर्ट अजून चढाच, पण उतरून राहिला, नर्स म्हणाली. प्रशांतनं कळवलं नाही, दवाखान्यात गेल्यावर समजलं. खाट रिकामी.

९ सप्टेंबर
कुऱ्हाड काढली. सुनंदा म्हणते, "दोन्ही तोडा, झंझट मिटवा." एखादी निर्दोष असेल तर? "वेलींले कोर्टात उभं करता काय आता?" कुऱ्हाड ठेवून दिली. का ठेवली, मलेच समजत नाही.

२१ सप्टें., रवि.
दुपारी फोन वाजला. ताई. महिन्यानं आवाज ऐकला. डोळे साफ झाले, वरण-भात जाते, पण गुडघे पुन्हा धरले. "काढा घेत होती तोवर मी जिना चढत होती गा. आता तूच सांग, घेऊ का नको?"
"नको."
"काहून?"
काय सांगावं? लव सांगू, सर सांगू, गोळी सांगू? "माहीत नाही, ताई."
"मग होळीले कसं सांगितलं, बिनधास्त घे म्हणून?"
"तेव्हाही माहीत नव्हतं."
मग म्हणते, "ते मले ठाऊक होतं. तू लहानपणापासून असाच, ठोकून देतो."
"मग पेली कशाले?"
"नाही म्हटलं असतं तर दर पंधरा दिवसांनी तू सावनेरले आला असता काय?"
मले रडू आलं. तिनं ऐकलं असेल. "येत्या रविवारी ये जेवाले," म्हणाली. प्रशांत घरी आहे का विचारलं. "आहे. समोरच बसला आहे."
त्याले फोन दे म्हटलं. दिला. त्यानं फोन ठेवला नाही. मीही नाही.